नाट्यशिक्षक गोविंद बल्लाळ देवल

मराठी संगीत रंगभूमीच्या इतिहासात नाटककार म्हणून गोविंद बल्लाळ देवल यांचे स्थान अढळ आहे. ‘मृच्छकटिक’, ‘शारदा’ आणि ‘संशयकल्लोळ’ ही नावे ठाऊक नसलेला मराठी नाट्यरसिक विरळाच. परंतु देवलांच्या हयातीत नाटक मंडळ्यांतील नटवर्ग त्यांना ज्या नात्याने ओळखीत असे, ते नाते नाटककाराचे कमी आणि मास्तरांचे अधिक होते. त्यांनी उभ्या आयुष्यात सातच नाटके लिहिली. त्यांपैकी सहा संस्कृत किंवा पाश्चात्त्य कृतींच्या आधाराने उभी राहिली. सर्वस्वी स्वतंत्र असे नाटक एकच. संख्येच्या हिशेबाने पाहिले तर ही पुंजी फार मोठी नव्हे. तरीही मराठी नटाने रंगमंचावर कसे बोलावे, पदातील शब्द कसा उच्चारावा आणि गाणे थांबल्यावर पुन्हा बोलण्याकडे कसे वळावे, याचे वळण ज्या थोड्या व्यक्तींनी घालून दिले त्यांत देवलांचे नाव अग्रभागी घ्यावे लागते. शिकणे आणि शिकवणे हाच त्यांच्या आयुष्याचा धागा होता, आणि त्या धाग्याचे पहिले टोक बेळगावच्या एका शाळेत आहे, ही गोष्ट सीमाभागातील रसिकांना अभिमानास्पद वाटावी अशीच आहे.

देवलांचा जन्म १३ नोव्हेंबर १८५५ रोजी झाला. त्यांचे बालपण सांगलीजवळच्या हरिपूर या गावी गेले. कृष्णा आणि वारणा या नद्यांचा संगम, संगमेश्वराचे देऊळ आणि नदीकाठची गर्द झाडी यांमुळे हे लहानसे गाव प्रसिद्ध आहे. नाटकाच्या दृष्टीनेही हा परिसर भाग्यवान होता. कर्नाटकातील कारकी येथील भागवत मंडळींचे खेळ १८४२ साली सांगलीत झाले, आणि तसे काही मराठीत व्हावे या इच्छेने संस्थानिक चिंतामणराव पटवर्धन यांनी विष्णुदास भावे यांना प्रोत्साहन दिले. त्यातून १८४३ साली ‘सीतास्वयंवर’ रंगभूमीवर आले. म्हणजे देवल जन्मले तेव्हा मराठी नाटक अवघ्या बारा वर्षांचे होते, आणि ते त्यांच्या घरापासून हाकेच्या अंतरावर जन्मले होते. त्या खेळांत पदे म्हणण्याचे काम प्रामुख्याने सूत्रधाराकडे असे. पात्रांचे भाषण आधी लिहून काढलेले नसे. सूत्रधाराच्या पदाचा आशय धरून पात्रे समयसूचकतेने बोलत. राक्षसाची आरोळी, देवांचा थाट आणि लढाईचा धुमाकूळ यांवर प्रेक्षक खूष असत. माणूस माणसाशी जसा बोलतो तसे बोलणे रंगमंचावर यावयास अजून अवकाश होता.

माध्यमिक शिक्षणासाठी देवल बेळगावास आले व सरदार हायस्कूलमध्ये दाखल झाले. येथेच त्यांना बळवंत पांडुरंग उर्फ अण्णासाहेब किर्लोस्कर हे शिक्षक लाभले. अण्णासाहेबांचा जन्म १८४३ सालचा, बेळगाव जिल्ह्यातील गुर्लहोसूरचा. मराठी आणि कानडी या दोन्ही भाषांच्या वातावरणात ते वाढले होते. संस्कृत काव्याचा व्यासंग, चालींचा मोठा साठा आणि नाटकाचा नाद या तिन्ही गोष्टी त्यांच्या ठिकाणी एकवटल्या होत्या. वर्गात क्रमिक पुस्तके शिकविणाऱ्या या शिक्षकाने आपल्या विद्यार्थ्याला नाटकाची दीक्षाही दिली. देवल १८७९ साली मॅट्रिकची परीक्षा उत्तीर्ण झाले. तेव्हा त्यांचे वय तेवीस-चोवीस वर्षांचे होते. पुढे त्याच शाळेत त्यांनी शिक्षकाची नोकरी धरली. ज्या बाकावर आपण शिकलो त्याच बाकावरील मुलांसमोर उभे राहण्याचा हा योग त्यांच्या पुढील आयुष्याची जणू नांदीच ठरला.

याच सुमारास मराठी रंगभूमीवर मोठे स्थित्यंतर घडले. अण्णासाहेब सरकारी नोकरीच्या निमित्ताने पुण्यास होते. तेथे ३१ ऑक्टोबर १८८० रोजी आनंदोद्भव नाटकगृहात त्यांच्या ‘संगीत शाकुंतल’चा प्रयोग झाला. पात्रांनी स्वतःची पदे स्वतः म्हणावयाची, गद्य भाषणे लिहिलेली असावयाची, आणि पद हे संभाषणाचेच पुढचे पाऊल असावयाचे, ही त्या नाटकाची नवी रीत होती. १८८२ साली आलेल्या ‘सौभद्रा’ने ती रीत घरोघर पोहोचविली. देवल आपल्या गुरूंच्या या उद्योगात सामील झाले. किर्लोस्कर मंडळीत त्यांनी दुय्यम भूमिका केल्या आणि तालमींत साहाय्य केले. नायकाची भूमिका त्यांच्या वाट्यास आली नाही. रंगमंचाच्या कडेला उभे राहून सबंध नाटक पाहण्याची सवय मात्र त्यांना तेथे लागली. पदाला टाळी कोठे पडते, आणि त्या टाळीमुळे नाटकाचा धागा कोठे तुटतो, हे त्या कडेवरूनच अधिक स्वच्छ दिसते.

दिनांक २ नोव्हेंबर १८८५ रोजी अण्णासाहेबांचे अकाली निधन झाले. ‘रामराज्यवियोग’ अपुरेच राहिले. देवलांचा आधार गेला. पुण्यास येऊन त्यांनी शेतकीचा अभ्यासक्रम पुरा केला आणि काही काळ त्या क्षेत्रात नोकरीही केली. त्या काळी नाटक हा प्रतिष्ठित घरातील सुशिक्षित माणसाचा व्यवसाय मानला जात नसे. नटाचे बिऱ्हाड गावोगाव फिरते, उत्पन्न पावसापाण्यावर आणि यात्रेवर अवलंबून, आणि समाजात मान बेताचाच. अशा परिस्थितीत पगाराची नोकरी सोडून मंडळ्यांच्या मागे जाणे म्हणजे पोटाचा आणि प्रतिष्ठेचा दुहेरी धोका होता. देवलांनी तो पत्करला. पुण्यातील गद्य नाटके करणाऱ्या आर्योद्धारक नाटक मंडळीशीही त्यांचा निकटचा संबंध होता. त्यामुळे संगीत आणि गद्य या दोन्ही रंगभूमींचे मर्म त्यांना उमगले, आणि पुढे दोन्हींकडील नटांना शिकविण्याचा अधिकार त्यांना आपोआप प्राप्त झाला.

त्यांची लेखणी आता चालू लागली. ‘दुर्गा’ हे पहिले नाटक १८८६ सालचे. टॉमस सदर्न या इंग्रज नाटककाराच्या शोकान्त नाटकावरून ते रचले होते. १८८७ साली शूद्रकाच्या संस्कृत प्रकरणावरून ‘मृच्छकटिक’, १८८९ साली कालिदासाच्या आधारे ‘विक्रमोर्वशीय’, १८९० साली शेक्सपिअरच्या ‘ऑथेल्लो’वरून ‘झुंझारराव’, आणि १८९३ साली बाणभट्टाच्या ‘कादंबरी’तील कथेवरून ‘शापसंभ्रम’ अशी ती मालिका आहे. मोल्येरच्या एका प्रहसनावर आर्थर मर्फी या लेखकाने इंग्रजीत नाटक बेतले होते. त्याचा आधार घेऊन देवलांनी १८९३ सालीच ‘फाल्गुनराव अथवा तसबिरीचा घोटाळा’ हे गद्य नाटक लिहिले.

या नाटकांना केवळ भाषांतरे म्हणून बाजूस सारणे अन्यायाचे होईल. त्या काळी इंग्रजीवरून उतरविलेली अनेक नाटके वाचावयास बरी, परंतु बोलावयास अवघड अशी असत. वाक्ये लांब, शब्द संस्कृतप्रचुर, आणि पात्र कोणतेही असो, बोलणे एकाच पंडिताचे. देवलांनी प्रत्येक वाक्य नटाच्या तोंडी घालून पाहिले असावे, अशी त्यांची भाषा आहे. शूद्रकाच्या मूळ नाटकात निरनिराळ्या थरांतील पात्रे संस्कृताबरोबर निरनिराळ्या प्राकृत बोली बोलतात. मराठीत तशी सोय नव्हती. देवलांनी ती उणीव शब्दांच्या निवडीने आणि वाक्यांच्या लकबीने भरून काढली. चारुदत्ताचे बोलणे त्याच्या दारिद्र्यातही घरंदाज राहते, आणि शकाराचे बोलणे त्याच्या अंगावरील दागिन्यांसारखे उथळ व खणखणीत वाटते. फाल्गुनराव, कृत्तिका, अश्विनशेट, रेवती, भादव्या अशी महिन्यांची व नक्षत्रांची नावे पात्रांना देऊन त्यांनी परक्या मातीतील रोप मराठी अंगणात असे काही लावले, की ते बाहेरून आणले आहे याची आठवण प्रेक्षकास राहिली नाही.

पदरचनेतही हेच सूत्र आहे. साकी, दिंडी, कामदा, अंजनीगीत हे प्रेक्षकांच्या कानांवरचे छंद. बायका घरात म्हणतात त्या गाण्यांचे वळण. आणि गुरूकडून आलेल्या कर्नाटकी चाली, यांतून देवलांचे पद उभे राहते. त्यात क्लिष्ट समास नाहीत आणि कल्पनांची आतषबाजी नाही. पात्राला त्या क्षणी जे सांगावयाचे आहे तेच ते पद सांगते, आणि सांगून झाले की संपते. ऐकणाऱ्यास अर्थ प्रथम कळावा व सूर नंतर रेंगाळावा, ही त्यांची धारणा प्रत्येक पदातून जाणवते.

गद्य रंगभूमीवर त्यांच्या ‘झुंझारराव’ला शाहूनगरवासी नाटक मंडळीत उत्तम आश्रय मिळाला. थोर नट गणपतराव जोशी यांनी झुंझाररावाची आणि बाळाभाऊ जोग यांनी कमळजेची भूमिका केली. संशयाने पोखरला गेलेला वीरपुरुष मराठी प्रेक्षकांनी गणपतरावांच्या रूपाने पाहिला. योगायोग असा, की याच संशयाचे विनोदी रूप देवलांनी तीनच वर्षांनी फाल्गुनरावाच्या रूपाने उभे केले. एका नाटकात संशय माणसाचा जीव घेतो, तर दुसऱ्यात त्याचे हसे करतो. मनुष्यस्वभावाचे हे दोन्ही काठ एकाच लेखकाने सारख्याच सहजतेने गाठावेत, ही सामान्य गोष्ट नव्हे.

देवलांचे एकमेव स्वतंत्र नाटक ‘शारदा’ हे होय. त्याचा पहिला प्रयोग किर्लोस्कर नाटक मंडळीने १३ जानेवारी १८९९ रोजी इंदूर येथे केला. श्रीमंत परंतु पैलतीरी डोळे लागलेल्या भुजंगनाथाला पुन्हा लग्नाची हौस आहे. भद्रेश्वर दीक्षित हा मध्यस्थ त्याच्यासाठी कन्या शोधतो, आणि पैशाला लालचावलेला कांचनभट आपली कोवळ्या वयाची मुलगी शारदा त्याला द्यावयास तयार होतो. कोदंड हा ध्येयवादी तरुण या विवाहास विरोध करतो. संमतिवयाचा कायदा होऊन तेव्हा जेमतेम आठ वर्षे झाली होती, आणि त्या वादाने पेटलेली मने निवली नव्हती. पैसे घेऊन मुलगी देण्याचा व्यवहार ही प्रेक्षकांच्या दृष्टीने कोठली तरी दूरची गोष्ट नव्हती. नाटकगृहात बसलेल्यांपैकी कित्येकांच्या घरात किंवा शेजारच्या घरात ती घडलेली होती.

या नाटकात एक गोष्ट विशेष लक्षात घेण्यासारखी आहे. भुजंगनाथाचे लग्न कोदंडाच्या युक्तिवादामुळे मोडत नाही. वधूवरांचे गोत्र एकच आहे, असे उघडकीस आल्यामुळे ते मोडते. मुलीच्या रडण्याने जो समाज हलला नाही, तो शास्त्राच्या एका आक्षेपाने तत्काळ थबकला. आणि लग्न मोडल्यावर शारदेचे हाल संपत नाहीत. मांडवातून परतलेली मुलगी म्हणून तिला कोणी पत्करणार नाही, या भयाने ती नदीची वाट धरते. कोदंड तिला वाचवितो व शंकराचार्यांच्या संमतीने तिचा स्वीकार करतो. शेवट गोड आहे, परंतु मधल्या प्रवेशांत देवलांनी समाजाचा जो ताळेबंद मांडला, तो गोड नाही. उपदेशाचे एकही व्याख्यान न झोडता, मुलीच्या मैत्रिणींच्या थट्टेतून, आईच्या असहायतेतून आणि बापाच्या हिशेबी बोलण्यातून तो मांडला गेला आहे. हरिपूरच्या पारावर बसून देवलांनी हे नाटक रचले, असे त्या गावात आजवर सांगितले जाते.

त्या काळी स्त्रीभूमिका पुरुषच करीत असत. त्यामुळे शारदेच्या भूमिकेसाठी गोड गळ्याचे किशोरवयीन मुलगे लागत. ज्या वयात मुलींची लग्ने उरकली जात, साधारण त्याच वयाचा मुलगा रंगमंचावर त्या मुलीचे दुःख बोलून दाखवी. पुढे ललितकलादर्श मंडळीचे संस्थापक म्हणून गाजलेले केशवराव भोसले यांना बालवयात कीर्ती मिळाली ती स्वदेशहितचिंतक मंडळीतील शारदेच्या भूमिकेनेच. किर्लोस्कर मंडळीत भाऊराव कोल्हटकर कोदंड झाले. बडोद्याहून आलेल्या या अलौकिक गळ्याच्या नटाने पूर्वी शकुंतला आणि सुभद्रा अजरामर केल्या होत्या. १९०१ सालच्या फेब्रुवारीत वयाच्या अडतिसाव्या वर्षीच त्यांचे निधन झाले. कोदंड ही त्यांच्या अखेरच्या काळातील भूमिका ठरली.

१९२९ साली बालविवाह प्रतिबंधक कायदा संमत झाला व १ एप्रिल १९३० पासून तो अमलात आला. लोक त्याला ‘शारदा कायदा’ म्हणू लागले. या नाटकावरूनच कायद्याला नाव पडले, अशी समजूत महाराष्ट्रात पुष्कळ ठिकाणी रुजली आहे. वस्तुतः ते नाव विधेयक मांडणारे अजमेरचे हरबिलास सारडा यांच्यावरून आले. परंतु ही चूक लोकांकडून व्हावी, यातच देवलांच्या नाटकाने जनमनात केवढे घर केले होते, हे दिसून येते. कायदा होण्यापूर्वी तीस वर्षे ते नाटक गावोगाव आपले काम करीत होते.

लेखनापेक्षाही देवलांचा अधिक वेळ गेला तो तालमींत. नाटक मंडळीच्या बिऱ्हाडात राहावे, दुपारी नटांना घेऊन बसावे, आणि नाटकातील ओळ न् ओळ समजावून सांगावी, हा त्यांचा क्रम. मंडळ्यांत येणारी मुले बहुधा शाळा अर्ध्यावर सोडून आलेली असत. गळा असे, रूप असे, परंतु शब्दाचा अर्थ ठाऊक नसे. देवल मास्तरांनी त्यांना आधी अर्थ दिला. वाक्यातील कोणत्या शब्दावर भर द्यावयाचा, कोठे क्षणभर थांबावयाचे, दुसरे पात्र बोलत असता आपण काय करावयाचे, हे सर्व त्यांनी मुळापासून शिकविले. बेळगावच्या वर्गात जो शिक्षक घडला होता, तो अशा रीतीने नाटकाच्या बिऱ्हाडात अखेरपर्यंत जागा राहिला.

१९०५ साली नारायण श्रीपाद राजहंस हा सतरा वर्षांचा मुलगा किर्लोस्कर मंडळीत आला. पुढे तोच बालगंधर्व म्हणून महाराष्ट्राचे दैवत झाला. त्याच्या गळ्यावर भास्करबुवा बखले यांनी संस्कार केले, तर अभिनयाचे धडे दिले ते देवलांनी. अण्णासाहेबांनी लिहिलेली शकुंतला अण्णासाहेबांच्या शिष्याने बालगंधर्वांना शिकविली, आणि त्या भूमिकेने त्यांच्या यशाची सुरुवात झाली. गुरूचे ऋण फेडण्याची याहून सुंदर रीत कोणती असू शकेल? गणपतराव बोडस हेही देवलांच्याच तालमीत तयार झालेले. गाण्याचे विशेष अंग नसतानाही केवळ बोलण्याच्या व वागण्याच्या स्वाभाविकतेवर संगीत रंगभूमी गाजविता येते, हे बोडसांनी सिद्ध केले. देवलांच्या शिकवणुकीचा तो सर्वांत बोलका पुरावा मानावा लागेल.

१९१३ साली बालगंधर्व, गणपतराव बोडस आणि गोविंदराव टेंबे यांनी किर्लोस्कर मंडळीतून बाहेर पडून गंधर्व नाटक मंडळी स्थापन केली. देवलांचे मार्गदर्शन या नव्या मंडळीलाही लाभले. ‘फाल्गुनराव’ला पदांची जोड देऊन ते संगीत रूपात आणावे, असे ठरले. साठीच्या घरात आलेल्या देवलांनी वीस वर्षांपूर्वीचे आपले गद्य नाटक पुन्हा हाती घेतले आणि त्यात पदे घातली. विनोदी नाटकात पद घालणे मोठे जोखमीचे असते. प्रसंग वेगाने धावत असतो आणि गाणे त्याला खोळंबवते. देवलांनी पदे अशा जागी बसविली, की प्रसंगाचा वेग न मोडता त्याची गंमत वाढावी.

मात्र त्या नाटकाचा प्रयोग पाहणे त्यांच्या नशिबी नव्हते. १४ जून १९१६ रोजी देवलांचे निधन झाले. ‘संशयकल्लोळ’ त्याच वर्षी पुढे काही महिन्यांनी गंधर्व मंडळीने रंगभूमीवर आणले. बोडस फाल्गुनराव झाले आणि बालगंधर्व रेवती. नाटकगृह हास्याने दुमदुमून गेले. परंतु ज्याने एकेक वाक्य नटांच्या मुखात बसविले, तो मास्तर तेथे नव्हता. अण्णासाहेबांचे शेवटचे नाटक अपुरे राहिले, आणि त्यांच्या शिष्याचे शेवटचे नाटक पुरे होऊनही त्याच्या डोळ्यांआड झाले.

नाटककाराचे पुस्तक कपाटात राहते, गायकाची ध्वनिमुद्रिका उरते. तालीम देणाऱ्याचे काम मात्र दुसऱ्याच्या देहात आणि आवाजात विरून जाते. टाळी नटाला मिळते आणि नाव मंडळीचे होते. हे ठाऊक असूनही देवलांनी आयुष्याचा मोठा भाग त्याच कामाला दिला. त्याचे फळ मराठी रंगभूमीला पिढ्यान् पिढ्या मिळत गेले. ‘संशयकल्लोळ’चे प्रयोग शतकाहून अधिक काळ होत आले आहेत, आणि हौशी संघांपासून व्यावसायिक संस्थांपर्यंत कोणीही ते करावयास घेतले, तरी त्यातील वाक्ये आजही नटाच्या जिभेवर अडत नाहीत. अखिल भारतीय मराठी नाट्य परिषदेचे वार्षिक पुरस्कार देवलांच्या स्मृतिदिनी, १४ जूनला, देण्याची प्रथा पडली. ती त्यांच्या या ऋणाची जाहीर कबुलीच होय.

बेळगावने अण्णासाहेबांच्या रूपाने मराठी रंगभूमीला गुरू दिला आणि देवलांच्या रूपाने शिष्य दिला. शिष्याने गुरूची विद्या जपली, तीत स्वतःची भर घातली, आणि ती पुढच्या पिढीच्या हाती सुखरूप सोपविली. ग्रंथालयाचे कार्य तरी याहून निराळे कोठे असते? आधीच्यांनी मिळविलेले ज्ञान जतन करावे, योग्य हाती द्यावे, आणि देणाऱ्याने पडद्याआड राहावे, हाच तेथीलही धर्म आहे. देवलांची नाटके पाहण्याचा योग नेहमीच येतो असे नाही. परंतु ती वाचावयास तिकीट लागत नाही. ‘शारदा’चे पान उघडून त्यातील एखादा प्रवेश घरातील चार माणसांनी मोठ्याने वाचून पाहावा. शंभराहून अधिक वर्षांपूर्वीची ती वाक्ये तोंडात किती सहज बसतात, याचा अनुभव येताच देवल मास्तरांची तालीम अजून सुरूच आहे, अशी खात्री पटते.